साखरेचे मार्क

ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी वस्तीने स्वतः चालवलेल्या दवाखान्यात नर्स नेरिडा कॅनबेराच्या सरकारने पाठवलेला प्रगतीचा तक्ता भिंतीवर कौतुकाने लावत होती. मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"विल्मा, इतके दिवस कुठे दडी मारलीस?"

"घरीच. साखर चढलीय गं. नेरिडाच सभेत म्हणाली ना, लोकांची साखर उतरली की दवाखान्याचे मार्क वाढतात."

"मग आज कशी उगवलीस?"

"पायाची जखम भरेना. म्हटलं, पायाचंच सांगू, साखरेचं नावच नको."

"शहाणीच आहेस!"

"शाळेत एकटीच नापास व्हायचे. आता सगळ्या वस्तीला घेऊन बुडेन."

तक्ता तसाच लोंबकळत सोडून नेरिडा विल्मापुढे उकिडवी बसली.

"आंटी, आधी साखरच बघू."

"बघ पोरी. फक्त निकाल मोठ्याने वाचू नकोस."