इफ्तारचा पहिला पेला

"इस्पितळात परक्यांच्या गोष्टी ऐकत बसू नकोस, जिवाला घोर लागेल," असं आईने बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. रमजानात बाळाचा ताप दाखवायला शुब्रा भागातल्या इस्पितळात बसले होते. शेजारी एक बाई आणि औषधशास्त्र शिकणारी तिची लेक; बाईच्या नवऱ्याला आत तपासत होते.

"नर्मीन, बाबांच्या छातीचे ठोके असे अचानक कसे गं चुकले?"

"आई, रोज इफ्तारला आपण त्यांना काय देत होतो?"

"ज्येष्ठमधाचं सरबत. पहिला पेला तूच तर भरायचीस."

"त्याने अंगातलं पोटॅशियम उतरतं. त्यांच्या लघवीच्या गोळीनेही उतरतं. मग हृदयाची गोळी विषासारखी चढते."

"अगं, हे तुला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून. तोंडी परीक्षेत घडाघडा सांगितलं होतं."

"मग घरीच कशी दातखीळ बसली, डॉक्टरीणबाई?"

"पुस्तकात ते औषधी मूळ होतं, आई. घरी ते तुझ्या हातचं सरबत होतं."

"आता आत डॉक्टरांपुढे बोलू नकोस. ते तुझेच सर आहेत, लाज जाईल."

"न बोलले तर त्यांना कारण कसं कळेल?"

"...थांब, मीही येते. सरबत केलं तर मीच होतं ना."

दोघी आत गेल्या. पुढे काय झालं, मला कळलं नाही. तुमच्या शेजारी हृदयाच्या गोळ्या घेणारं कुणी म्हातारं माणूस असेल, तर आज जरा डोकावून या. गोळ्यांबरोबर ते रोज काय काय पितात, तेवढं विचारा.