आत्याला कळलेला 'नो'

व्हिडिओ नवा नवा आला होता, तेव्हा माझ्या आत्याने माझी कशी बोलती बंद केली ते ऐका.

कॉलेजात असताना मी एका इंग्रजी सिनेमासाठी वेडा झालो होतो. मोठ्या बक्षिसासाठी नाव गेलेला सिनेमा. लग्नानंतर बायकोपुढे त्याचं इतकं कौतुक केलं की शेवटी माझा मित्र सलीम एका रविवारी दुपारी कॅसेट आणि व्हिडिओ घेऊन भिसेगावला आमच्या घरी आला. कशेळ्याची आत्या आलेलीच होती, तीही बसली. तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होतो.

मग माझा लाडका प्रसंग आला. नायिका चिडून निघते, नायक दार अडवतो आणि तिला जबरदस्तीने मिठीत घेतो. थिएटरात आम्ही यालाच शिट्ट्या मारल्या होत्या.

"काय वरडते हाय रं ती?" आत्याने विचारलं.

"नो, नो म्हणतेय. म्हणजे नको. पण आत्या, त्याचं फार प्रेम आहे तिच्यावर."

"मला एका दमात कळलं नो म्हंजे काय. तो तर जल्मापासून इंग्रजी बोलतो, त्याला कसं कळत नाय?"

सलीम हसून लोळायला लागला. बायको मात्र माझ्याकडे रोखून बघत होती.

"आनि पुढं? पोलिसात देते का नाय त्याला?"

शेवटी ती त्याच्याशीच लग्न करते, हे सांगायची माझी छाती होईना.

"देते, आत्या. पोलिसातच देते," म्हणालो आणि व्हिडिओ बंद केला.