काकड्यातले बारा शब्द

सन दोन हजार चोवीस, कार्तिक महिना, काकड्याचे दिवस, सोयाबीन घरात आन् कपाशी अर्धी वेचलेली... अशा दिवसांत माणसानं पहाटे उठून देवाचं नाव घ्यावं का टोमॅटो, डाँकी, अंब्रेला म्हणावं, तुम्हीच सांगा. आन् म्हटलं असंन मी, नाही म्हणत नाही, पण म्हटलं म्हणजे सांगितलं होते का? मी कोणाले सांगितलं नाही. हे पहिले ध्यानात घ्या, मंग पुढचं ऐका.

मी भाऊराव. लोणारकडच्या बीबी गावाच्या अलीकडं फाट्यावरून आत गेलं की आपलं गाव. उभा जन्म बैलाची दलाली केली. शाळा दुसरीपर्यंत, तेही मास्तर बरे होते म्हून. आमचा धंदा कसा चालते ते तुम्हाले सांगतो, कारण आजकाल तुम्हाले बैल फक्त पोळ्याले दिसते. विकणारा अठी, घेणारा तठी, मधात मी. हातावर रुमाल टाकायचा आन् रुमालाखाली बोटं दाबायची. कोणतं बोट म्हणजे किती, ते ज्याचं त्याले माहीत. भवती सारा बाजार उभा राहते, माना लांब करून पाहते, पण भाव कळते तो मले आन् त्या दोघायले. लोकं चहा पाजून विचारत, "भाऊराव, कितीत तुटला सौदा?" चहा प्यायचा, मिशी पुसायची, चालाले लागायचं. जोड्याच्या जोड्या विकल्या, पण मी कोणाले सांगितलं नाही.

तर माही नात प्रेरणा. पोराची पोरगी. बीकॉम करून राह्यली, लोणारले परीक्षेले जाते, बाकी घरीच. तिच्या फोनमधी एक पाकीट आहे. चामड्याचं नाही, ॲपचं. त्यात नोटा नसते, टोकन असते, म्हणजे फोनमधलंच नाणं, क्रिप्टो म्हणते त्याले. सकाळी हे टोकन घेते, दुपारी ते देऊन दुसरं घेते, चार पैसे सुटले तर सुटले, नाही तर गप बसते. मी दोन दिवस बाजूले बसून पाह्यलं आन् म्हटलं, हा तर बैलबाजारच आहे, फक्त शेण नाही. त्यातून आन् शिकवणीतून पोरीनं पैसा जमवला. कशासाठी? बीबीत शाळेसमोर झेरॉक्सचं मशीन टाकायचं म्हून. गाळा पाहून ठेवला, जुन्या मशीनचा सौदा ठरवला. आता हिचं लग्न करा म्हणणारे आमच्या घरात कमी नाही, तिची मायच पहिली. मशीन आलं तर लग्न मागं, मशीन गेलं तर लग्न पुढं. असा सरळ हिशोब होता.

पण त्या पाकिटाले कुलूप कसं, तर बारा शब्द. इंग्रजी. पाकीट उघडतानी ॲपच देते, एका ओळीत. फोन हरपला, फुटला, हौदात पडला, तरी ते बारा शब्द दुसऱ्या फोनमधी टाकले की पाकीट जसंच्या तसं उभं. आन् तेच बारा शब्द दुसऱ्याले कळले तर त्याच्या फोनमधी उभं, मंग तुम्ही बसा. बँक नाही, साहेब नाही, तक्रार कोणाकडं करता? प्रेरणा म्हणे, "आबा, याचा फोटो काढायचा नाही, फोनमधी लिहायचं नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी सांगायचं नाही." तिनं कागदावर लिहून डब्यात ठेवले होते. आमची सून मंजुश्री, म्हणजे तिची माय, तिनं डबा घासला. कागदाचं काय झालं म्हणता? चूल पेटली त्या दिवशी लवकर.

पोरीचं तोंड एवढंसं झालं. नशीब, फोनमधलं पाकीट चालू होतं, तिनं पुन्हा शब्द पाहून घेतले. म्हणे, आता ठेवू कोठी? मी म्हटलं, माह्या डोक्यात ठेव. सारा बाजार राह्यला या डोक्यात, तुहे बारा शब्द राहात नाही का?

ती म्हणे, "आबा, इंग्रजी आहे."

म्हटलं, बैलाले कोणती मराठी येते, तरी हाक समजते की नाही.

मंग तिनं एक एक शब्द सांगितला, मी घोकला. आता तुम्ही म्हणसान, याले अर्थ तरी कळला का? अर्थाशी आपल्याले काय करायचं. पण खरं सांगतो, नुसते ते कोरडे शब्द टिकेनात. रात्री म्हटले की सकाळी डाँकी पुढं आन् अंब्रेला मागं. ॲपले असं चालत नाही, एक शब्द इकडचा तिकडं झाला की तो ओळख देत नाही. म्हून मी त्यायले चाल लावली. आपल्या काकड्यातली, संथ. टोमॅटो डाँकी अंब्रेलाऽ, अंकल कॅबेज विंटरऽ... असे बसले की खिळा ठोकल्यावानी. बैल पाणी पेऊन राह्यले, मी मनात म्हणून राह्यलो. प्रेरणानं परीक्षा घेतली, एक चूक निघाली नाही. मले म्हणे, "आबा, तुम्हीच माही तिजोरी." त्या दिवशी चहात साखर थोडी जास्त पडली.

मधात एकाचा फोनही आला होता, माह्याच फोनवर. तिनं कोठीतरी नंबर दिला असंन. आवाज असा, तूप लावलेला. "नमस्कार सर, मैं वॉलेट कंपनी से बोल रहा हूँ, आपका खाता बंद हो रहा है, व्हेरिफिकेशन के लिए बारह शब्द बताइए." मी म्हटलं, रुमाल टाक पहिले. तो म्हणे, "क्या सर?" मी म्हटलं, हातावर रुमाल टाक, मंग बोलू. त्यानं तीन वेळा विचारलं, मी तीन वेळा तेच म्हटलं, चौथ्या वेळी त्यानंच फोन ठेवला. पाह्यलं का? कंपनीच्या नावानं विचारलं तरी मी कोणाले सांगितलं नाही.

आता काकड्यावर येतो.

आमच्या मारुतीच्या देवळात कार्तिकात पहाटे काकडा असते. पुढं म्हणणारा एक, मागं झील धरणारे दहा-पंधरा. नेहमी पुढं म्हणते ते रामराव, पण त्यायचा घसा बसला. मले म्हणे, भाऊराव, दोन-चार दिवस तू घे. घेतलं. टाळ माहा, पखवाजावर गोकुळ, मागं कलाबाई आन् मंडळी. आन् देवळावर भोंगा. तो भोंगा कोणी लावला ते विचारू नका, तीन शिवारांत आवाज जाते.

त्याच चालीचा एक अभंग सुरू केला. दोन कडवे म्हटले, तिसऱ्याले... विसरलो नव्हतो. दम घेत होतो. पण चाल थांबत नाही ना, पखवाज पुढं ओढते, मागचे तोंडाकडं पाह्यते, आन् चाल तर तीच... तोंडातून आपोआप निघालं ते टोमॅटो डाँकी अंब्रेला. आता मागच्यायनं काय करावं? थांबावं, विचारावं, भाऊराव हे काय म्हणून राह्यले? नाही. आपल्याकडं झील धरणारा विचारत नसते. पुढचा म्हणंन ते मागच्यानं म्हणायचं. साऱ्यायनं एका सुरात उचललं, टोमॅटो डाँकी अंब्रेलाऽ... कलाबाईचा आवाज तर असा लागला, की बाजूच्या गल्लीतले कुत्रे उठले.

संपल्यावर कलाबाई मले म्हणे, "भाऊराव, लय गोड चाल हाय. हिवरा आश्रमाकडून आणली का?"

मी काय म्हणू? हाव म्हटलं.

मंग झालं काय, दुसऱ्या दिवशी तेच मागाले लागले. गोकुळ म्हणे, काका ते कालचं घ्या, त्यात पखवाज चांगला वाजते. घेतलं. लोकाग्रहास्तव. तिसऱ्या दिवशी त्यानं रेकॉर्ड करून फोनवर स्टेटसले लावलं. पण मी काय कोणाच्या कानात सांगितलं? मी तर डोळे मिटून देवाकडं तोंड करून होतो. मी कोणाले सांगितलं नाही.

प्रेरणा या दिवसांत लोणारले होती, मावशीकडं, पेपर होते. परत आली ती पहिल्या बसनं. फाट्यावर उतरली, थंडी, उजाडून राह्यलं, आन् भोंग्यातून सारं गाव पखवाजाच्या ठेक्यावर तिच्या कुलपाची चावी म्हणून राह्यलं. ती नंतर मले म्हणे, पहिले वाटलं आपल्यालेच भास होऊन राह्यला. मंग सातव्या शब्दाले पाय उचलले.

देवळात आली ती बॅग पाठीले घेऊनच. ओरडली नाही. माह्याजवळ येऊन वाकली आन् हळूच म्हणे, "आबा, बाहेर या."

मी टाळ ठेवला, बाहेर आलो. पण मागचे कशाले थांबते? त्यायले पाठ झालं होतं. आत कलाबाईनं पुढं घेतलं, बाकीच्यायनं मागं, आन् आम्ही पायरीवर.

मी म्हटलं, गावात कोणाले काय समजते त्यातलं.

ती म्हणे, "आबा, गावात दहा पोट्टे हेच करते. बारा इंग्रजी शब्द एका ओळीत ऐकले की झोपेतही समजते त्यायले. आन् गोकुळकाकाचं स्टेटस सारा तालुका पाह्यते." मंग एकदम हळू म्हणे, "मशीनचे सारे पैसे याच पाकिटात आहेत."

आता हे का, ते सांगतो. तिची रीत अशी नव्हती. रोजच्या पाकिटात ती बाजारापुरतंच ठेवे, बाकी दुसऱ्या पाकिटात, ज्याले हात लावायचा नाही. पण मशीनवाल्याले परवा द्यायचे होते, विकायचे म्हून सारं एका जागी आणलेलं.

तिनं पायरीवर बसूनच नवीन पाकीट उघडलं. नवीन बारा शब्द आले, तर पाठ फिरवून लिहिले. माह्याकडं पाठ. देवळाकडं पाठ केली असती तर समजलं असतं.

मंग जुन्यातून नव्यात पैसे टाकाले गेली तर ॲप अडलं. पैसे आहेत, पण निघत नाही. काऊन? तर पाठवण्याचं भाडं त्याच पैशातून कटत नाही, त्याचं वेगळं नाणं लागते, आन् ते हिच्याकडं संपलेलं. म्हणजे बैल तुमचा, पण गाडीवाला भाडं घेतल्याबिगर बैल चढवत नाही. आत विंटरऽ चाललं होतं.

तिनं बीबीच्या शकीलले फोन लावला. मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, तोही यातलाच. झोपेतून उठला. म्हणे, "अभी भेजतो. पत्ता पाठव, आन् पहिले चार अक्षरं, शेवटचे चार अक्षरं मले तोंडानं वाचून दाखव. त्याच्याबिगर बटन दाबत नाही मी." पोरगी वाचाले लागली, जोरानं.

मी म्हटलं, आता तू काऊन ओरडून सांगून राह्यली वं?

"आबा, हा पत्ता आहे. घर कोणतं ते कोणालेही सांगता येते. चावी सांगायची नाही." आन् मंग तिनं माह्याकडं जे पाह्यलं... जाऊ द्या.

शकीलचं भाडं आलं. मी म्हटलं, टाक आता सारे. तर नाही. पहिले थोडेच टाकले. अठी घर जळून राह्यलं आन् ही चमच्यानं पाणी टाकून पाह्यते. मी तसं म्हटलंही.

ती म्हणे, "तुम्ही बैल घेतानी आधी दोन पावलं चालवून पाह्यता का नाही?"

माह्याच धंद्याचं मलेच सांगितलं. थोडे पोचले, तिनं अक्षरं पुन्हा पाह्यली, मंग सारे टाकले. ते गोल गोल फिरलं. देवळात आरती सुरू झाली. मंग ती म्हणे, "पोचले," आन् बॅगवर डोकं ठेवून तशीच बसली. मी उपरणं तिच्या पाठीवर टाकलं. थंडी होती म्हून.

जुन्या पाकिटात दुपारी कोणीतरी येऊन गेलं, तिनं दाखवलं मले. शकीलनं पाठवलेल्या भाड्यातलं चिल्लर उरलं होतं, तेवढं उचलून नेलं. कोण होता, माहीत नाही. बाजारातले चोर निदान ओळखीचे असते.

घरी आल्यावर सून काय म्हणे? "मामाजी, आता बँकेचा पिन राह्यला, तो आरतीत घ्या." या बाईनं कागद चुलीत घातला, तिले कोणी काही म्हणत नाही.

मशीन आलं. शाळेसमोर चालू आहे. नवीन बारा शब्द कोठी आहेत, मले सांगितलं नाही. मी विचारलं पण नाही. जुने अजून पाठ आहेत, आन् मलेच काय, पुढच्या कार्तिकात कलाबाईनं पुन्हा तेच घेतलं. म्हणा म्हटलं. त्या घरात आता कोणी राहात नाही.

राह्यला शकील. मी कोणाचं ठेवत नसतो. पैसे द्याले गेलो तर म्हणे, "चाचा, चाय जितके बी नाही झाले, क्या लेना." चहा पाजे, पण घे म्हटलं की हात मागं. गेलो की तेच. माणसाले झोप लागत नाही अशानं.

मंग बकरीदच्या आधी तो बाजारात दिसला, एका बोकडाभवती फिरून राह्यला होता. बोकड चांगला, मालक चढेल. मी मधात गेलो. मालकाच्या हातावर रुमाल टाकला. बोटं दाबली, त्यानं दाबली, मी पुन्हा दाबली. त्यानं माह्या तोंडाकडं पाह्यलं, मंग बोकडाकडं, मंग दोर सोडून माह्या हातात दिला. मी तो शकीलच्या हातात दिला, ठरले तेवढे त्याच्याकडून मालकाले देववले. दलाली घेतली नाही.

शकील म्हणे, "चाचा, कितना कम कराया?"

रुमाल झटकला, खांद्यावर टाकला. त्याच्या भाड्याचं फिटलं. किती, ते मी कोणाले सांगितलं नाही.