पोतं उलटं मारत नाही

…आणि वर मलाच विचारतात, "कुणाशी मारामारी केलीत?" आता नाकावर हे एवढं पांढरं बोचकं बांधलंय, डोळा वांग्यासारखा झालाय, पाय ओढत चालतोय, म्हटल्यावर विचारणारच म्हणा, पण सकाळपासून एका अकरा मजली इमारतीत लिफ्ट दुरुस्त करतोय, आणि प्रत्येक मजल्यावर दार उघडलं की नवा माणूस, प्रश्न तोच! तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी नुसतं माझ्या तोंडात डोकावून बघितलं आणि म्हणाले, "दात शाबूत आहेत. मग ठीक आहे." म्हणजे बाकीचा माणूस गेला खड्ड्यात. सातव्या मजल्यावरच्या आजींनी हळूच विचारलं, "बायकोनं का?" नाही हो आजी, बायकोनं फक्त पट्टी बांधलीय. मारलंय भट्टीवाल्यानं. पाव भाजतो तो, पलीकडच्या रस्त्यावर. रविवारी दुपारी, दीडशे माणसांसमोर, रीतसर, रेफ्री ठेवून मारलंय.

पण तुम्हाला सांगतो, माराला मी कधीच भ्यालो नाही.

हसू नका. लिफ्टच्या बोगद्यात चौदाव्या मजल्यावर एका पट्ट्याला लटकून, तोंडात टॉर्च धरून मी वायर जोडतो. विजेचा झटका तर महिन्यातून एकदा ठरलेला, बसला की हात झटकायचा आणि पुढची वायर धरायची. मग नऊ वर्षं बॉक्सिंग शिकून एकदाही रिंगमध्ये का उतरलो नाही? हा प्रश्न बरोबर आहे. हा विचारा ना! तो कुणी विचारत नाही.

टायरच्या गोदामाखाली तळघर आहे, तिथे आमचा हॉल. घामाचा आणि रबराचा असा वास की पहिल्या दिवशी माणूस परतच जातो. मी नाही गेलो. एकतीस वर्षांचा होतो, पोट सुटायला लागलं होतं, म्हणून गेलो, आणि तिथे छताला टांगलेल्या पोत्याला उजव्या हाताचा एक ठोसा मारला… छताचा हूकच उपटून आला हो! पोतं खाली, वर प्लास्टरचा पाऊस, आणि आमचे सर, बोलायला एकदम मोजके, ते छताकडे बघून म्हणाले, "तोफ आहे." झालं. त्या दिवसापासून मी तोफ. तोफ आली, तोफ गेली, तोफेला पाणी द्या. नवीन मुलं आली की त्यांना आणून दाखवायचे, हे बघा, ही तोफ. मी पोत्याला धाडधाड मारायचो, शिवण उसवायचो, वर्षाला दोन पोती फाडायचो, आणि ती मुलं तोंडाचा आ करून बघायची.

आता मला सांगा, असं नाव लागल्यावर माणसानं हरायचं कसं? साधा माणूस हरला तर हरला, उद्या परत खेळेल. पण तोफ हरली तर? मग ती तोफ नव्हतीच, असं ठरतं ना! मग नऊ वर्षं पोत्याला बडवणारा एक लिफ्टवाला, एवढंच उरतं. आणि लढलोच नाही तर? तर मी जिंकलोच असतो, याला कुणाची हरकत नाही.

पहिल्यांदा सामन्याला नाव दिलं तेव्हा खरं सांगतो, मनात काही नव्हतं. आदल्या दिवशी जिन्यात पाय घसरला आणि घोटा मुरगळला, अगदी खराखुरा. सूज अशी की बूट जाईना. सर म्हणाले, पुढच्या वेळी बघू. आणि मित्र म्हणाले, "पाय नसता मुरगळला तर आज समोरच्याला फाडला असता तोफेनं." हे वाक्य माझ्या कानात असं काही उतरलं की काय सांगू… गादीवर पाय उशीवर ठेवून पडलो होतो, ठणका मस्तकात जात होता, आणि मी इतका सुखात होतो, इतका सुखात, की बायकोला वाटलं ताप चढलाय.

तिथे चटक लागली.

दुसऱ्या वेळी मी गाडीच्या दारात बोट घातलं. हो, घातलं! सापडलं नाही, घातलं. डाव्या हाताची करंगळी, कारण ती बिचारी कशाच्याच कामाची नसते असं मला वाटायचं. उजव्या हातानं दार धरलं, डोळे मिटले, तीन म्हणायचं होतं, दोनलाच आपटलं. कडाक्! आणि दार बंदच राहिलं हो, आणि किल्ली आत! करंगळी दारात, मी बाहेर, दहा मिनिटं नुसता उड्या मारतोय, शेवटी शेजाऱ्यानं काच फोडली. तिसऱ्या वेळी हत्यारांची पेटी पायावर सोडली. तेरा किलो. नख असं उडालं की पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत कपाटाखाली सापडलं ते. चौथ्या वेळी म्हटलं हातपाय फार झाले, लोकांना संशय येईल, बरगडी बघू. आता स्वतःची बरगडी स्वतःला कशी मारता येणार? म्हणून मेहुण्याला सांगितलं, बॅटनं एक हलकीच दे. हलकीच म्हणालो होतो! पण हा माणूस माझ्या लग्नापासून वाट बघत असावा. त्यानं बॅट दोन्ही हातांनी अशी फिरवली, सगळं अंग टाकून… दोन बरगड्या. आणि मी खाली पडल्यावर वाकून विचारतो कसा, "दाजी, दुसऱ्या बाजूला पण हवीय का?"

आता बोला. भट्टीवाल्यानं माझं जास्तीत जास्त काय केलं असतं? नाक. एक नाक! ते वाचवायला मी करंगळी, नख, दोन बरगड्या घालून बसलो होतो. म्हणून म्हणतो, माराला मी कधीच भ्यालो नाही. मार तर मी विकत घेत होतो.

बायको माझी नर्स. हाडांच्या दवाखान्यात, प्लास्टरच्या खोलीत, अठरा वर्षं. प्रत्येक वेळी तिनंच पट्टी बांधली. एकदाही काही विचारलं नाही. मला वाटायचं, फसली.

मुलगी आमची तेरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी माझ्याबरोबर हॉलवर यायला लागली आणि मग तिथलीच झाली. चपळ, डोळे उघडे ठेवून मारणारी, सर तिच्याकडे बघून हसायचे, आणि सर हसतात ही बातमी असते. त्यांनी तिचं नाव घातलं पहिल्या सामन्यासाठी, या रविवारच्या. आणि त्याच दिवशी माझं भट्टीवाल्याशी. मी लगेच हो म्हणालो. मी नेहमीच लगेच हो म्हणतो, माझं पुढचं ठरलेलं असतं ना. या खेपेला अंगठा. हातोडीनं. शनिवारी सकाळी बायको भाजी आणायला गेली, मी पेटी उघडली, तर हातोडी नाही. पान्हे आहेत, पकड आहे, हातोडी नाही. सगळं घर शोधलं. मागच्या गॅलरीचं दार ढकललं…

तिथे माझी पोरगी उभी होती. कठड्यावर डावा पंजा पसरून ठेवलेला, उजव्या हातात माझी हातोडी. चेहरा शांत. गणित सोडवतानाचा असतो ना, तसा. माझ्याकडे वळून बघितलं, दचकली नाही, काही नाही. म्हणाली,

"बाबा, कितव्या बोटाला कमी दुखतं?"

…

हे हसण्यासारखं नाही, मला माहितीय. मी पण आज सांगताना हसतोय, पण तेव्हा नव्हतो हसत. मी तिला विचारलं, काय करतेयस. तर ती म्हणाली, उद्या ती मुलगी जिंकली तर सगळे म्हणतील तोफेची पोरगी हरली. आणि बोट मोडलं तर काहीच म्हणणार नाहीत. "तुला कुणी काही म्हणतं का?" एवढं सरळ. म्हणजे मी नऊ वर्षं काय करतोय ते मलाही जे नीट सांगता आलं नसतं, ते तिनं दोन वाक्यांत मांडून ठेवलं, आणि वर मलाच सल्ला विचारतेय, घरातला जाणकार म्हणून!

मी झेपावलो. हातोडी ओढली. ती सोडेना, मी सोडेना, ओढाओढीत हातोडी दोघांच्याही हातांतून सुटली आणि पडली कुठे? माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर. दणका असा बसला की मी ओरडलोही नाही, नुसता गॅलरीत खाली बसलो. अंगठा डोळ्यांदेखत फुगत होता. मोडला होता. आणि तुम्हाला खरं सांगतो, क्षणभर ते जुनं सुख आलं हो अंगात, उबदार, गादी, उशी, सुटलो… आणि वर बघितलं तर पोरगी माझ्या अंगठ्याकडे बघतेय. मग माझ्या तोंडाकडे. आता बाबा काय म्हणतो, एवढंच बघतेय. त्या घोट्यानंतर पहिल्यांदा खरा अपघात झाला होता, देवाशप्पथ खरा, आणि तो मला वापरता येत नव्हता!

मी म्हणालो, "काही नाही झालं. उद्या लढायचंय."

बायको आली. अंगठा बघितला, शेजारच्या बोटाला जोडून घट्ट बांधला. बांधता बांधता, मान वर न करता म्हणाली, "करंगळी दारात मोडली की वेगळी दिसते आणि पडून मोडली की वेगळी. बॅटची बरगडी पण कळते. मला अठरा वर्षं झाली त्या खोलीत." मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस. म्हणाली, "तू सांगशील म्हणून थांबले होते." आणि गाठ मारताना जरा जास्तच आवळली. ते ठीकच होतं.

रविवार. घंटा झाली. भट्टीवाला समोर, कोपरापर्यंत भाजल्याच्या खुणा, मान म्हणून काही नाहीच, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. मी उजवा हात मागे नेला, सगळा हॉल श्वास रोखून, तोफ, तोफ, नऊ वर्षांची दारू ठासलेली, आणि सोडला ठोसा… तो तिथे नव्हता! बाजूला झाला होता! पोतं कधी बाजूला झालं नव्हतं हो माझ्याशी. मी माझ्याच ठोशामागे धावत जाऊन कोपऱ्यातल्या खांबाला मिठी मारली. वळलो, आणि नाकावर बसला. आतून आवाज आला, कोवळी काकडी मोडल्यासारखा. रक्त तोंडात, छातीवर, रेफ्रीच्या शर्टावर. मग पोटात एक. मग कानावर असा, की डाव्या कानात एक शिट्टी सुरू झाली, ती आजही वाजतेय. मी खाली. उठलो. परत खाली. पोत्यानं नऊ वर्षांत मला एकदाही उलट मारलं नव्हतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा तिथे, जमिनीवर पडून लक्षात आलं.

आणि गंमत सांगू? नाक मोडलं त्या क्षणी भीती गेली. ज्याला भीत होतो ते घडून गेलं होतं, आता कशाला भ्यायचं? दुसऱ्या फेरीत मोडक्या अंगठ्यावर उभा राहिलो, आणि तो आत शिरला तेव्हा उजवा हात आखूडच टाकला. जबड्यावर. भट्टीवाला खाली बसला, खुर्ची मागवावी तसा. मग उठला आणि पुढची दीड फेरी मला कणकेसारखा तिंबला. त्याचा धंदाच तो.

हात त्याचा वर गेला. मी हरलो. मी उभा, वाट बघतोय, आता काहीतरी कोसळणार. काय झालं माहितीय? एका बाईनं माझ्या बायकोला विचारलं, ही खुर्ची रिकामी आहे का. एकजण विचारत होता, बाहेर लाल गाडी कुणाची, आडवी लावलीय. बस. एवढ्यासाठी नऊ वर्षं! सर आले, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाले, "डावा हात खाली सोडतोस." मी म्हटलं, सर, हे आधी सांगायचंत की. म्हणाले, "आधी दिसणार कसं?"

भट्टीवाला कपडे बदलताना शेजारी येऊन बसला. ओठ फाटलेला. म्हणाला, चार वर्षं माझं नाव ऐकून त्याला झोप लागत नव्हती, सकाळी दोनदा ओकला. मग माझ्याकडे नीट बघून, अगदी मनापासून म्हणाला, "आधीच भेटायला हवं होतं आपण."

पोरीचा सामना त्यानंतर. मी तिच्या कोपऱ्यात, नाकात बोळे, हातात बादली. समोरची मुलगी तिच्याहून बुटकी, पण लाथाळ घोड्यासारखी अंगावर येणारी. पहिला ठोसा पोरीच्या तोंडावर बसला आणि मी डोळे मिटले. हो, मिटले! स्वतःचं नाक जाताना उघडे होते, तिच्या वेळी मिटले. बायकोनं मागून पाठीत कोपर मारलं, "बघ." बघितलं. पडली, उठली, मारलं, खाल्लं, शेवटपर्यंत उभी राहिली. हरली. थोडक्यात, पण हरली. रिंगमधून उतरून माझ्या रक्तानं भरलेल्या बनियनमध्ये तोंड खुपसून रडली, चांगली पाच मिनिटं. मी म्हणायला गेलो की अगं… तर तिनं मान वर केली, फुगलेल्या ओठानं सरांना विचारलं, पुढचे सामने कधी.

सरांनी वही काढली. महिन्याभरानं आहेत म्हणाले. तिचं नाव लिहिलं. पेन तसंच धरून माझ्याकडे बघितलं. बायको बघतेय, पोरगी बघतेय, भट्टीवालासुद्धा दारात थांबून बघतोय. सर म्हणाले, "तुझं काही दुखत-बिखत नाही ना?"

नाक मोडलेलं. अंगठा मोडलेला. कानात शिट्टी, पोटात कळ, डोळा मिटत चाललेला. माराला भ्यालो नाही तो नाहीच, पण तुम्हीच सांगा, आयुष्यात पहिल्यांदा खरोखर सगळं दुखत असताना, त्या पोरीसमोर मी काय बोलणार होतो?

म्हटलं, "छे, कुठे काय."