न्यूट्रिनोला ग्रामसभेची हरकत

(गंजाड. देवेशच्या घराची पडवी. दुपार. देवेश, पीयूष आणि लाडकी.)

पीयूष: सकाळी वहिनी गेल्याचं कळलं तेव्हापासून घास उतरला नाही, देवेशभाई. विनिताबाई म्हणजे आमच्या शाळेचं विज्ञान. दवाखान्यातून त्यांना आणणारी गाडी कुठवर आली?

देवेश: तलासरी सोडली. तिचा भाऊ आहे सोबत. मी तयारीला पुढं आलो.

पीयूष: हं. आता रविवारच्या त्यांच्या व्याख्यानाचं बोलू. फ्लेक्स नाक्यावर लागलाय.

देवेश: काढा मग.

पीयूष: काढायचा कशाला? फोटो बाईंचाच आहे. 'न्यूट्रिनोचं गूढ' लिहिलंय, तिथं 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची पट्टी डकवली की झालं. शोकसभा घेऊ.

लाडकी: आणि तुमचा फोटो?

पीयूष: अध्यक्ष आहे मी संस्थेचा. राहू दे.

लाडकी: बाईंच्या दुप्पट आहे, म्हणून विचारलं.

देवेश: शोकसभा नको. दिवस झाले की व्याख्यानच होईल. मी देईन.

पीयूष: तुम्ही? चिकूच्या वाडीतून उठून? शिवाय ग्रामसभेची हरकत आहे. लाडकीबाई, तुम्ही पंचायतीत आहात, सांगा ना.

लाडकी: आहे हरकत. बाईच बोलल्या, हे न्यूट्रिनो म्हणजे बारीक कण, आपल्या अंगातून, शेतातून आरपार जातात. रेल्वे गेली, हायवे गेला, विजेचे टॉवर गेले. कुणी विचारलं आम्हाला? निदान यानं तरी विचारावं.

देवेश: विनिता पोट धरून हसली होती. म्हणाली, ते सूर्यातून येतात, नोटीस तिकडं लावा.

लाडकी: शिपाई निघालाच होता, दादा. राज्याच्या हद्दीवरनं, अच्छाडवरनं परत आला. म्हणे, पुढं गाडी नाही.

पीयूष: चेष्टा पुरे. मी भाषणात घेणार आहे, न्यूट्रिनो वाटेत रूप बदलतो, हरवत नाही. तशाच आपल्या बाई. गेल्या नाहीत, रूप बदललं.

देवेश: असं बोलू नका, पीयूषभाई.

पीयूष: का? पब्लिक रडेल.

देवेश: हरवलेले वाटले ते न्यूट्रिनो दुसऱ्या रूपात सापडले. मोजून बघितलंय. विनिता तशी सापडायची नाही. हात धरून बसलो होतो मी. गार पडला. ती गेली.

लाडकी: पाणी घे, दादा.

पीयूष: बरं, बरं. पण तुम्ही सांगणार काय? दहावी तरी झालात का?

देवेश: चिकू निवडताना ती शिकवायची, तेवढंच सांगेन. वजन नसतं तर न्यूट्रिनोला असं रूप बदलता आलं नसतं. बदलतो, म्हणजे थोडं का होईना वजन आहे. पुस्तकात शून्य धरलं होतं. म्हणजे पुस्तक अपुरं आहे. शाळेतल्या पोरींना हे कळायला पाहिजे, असं तिला वाटायचं.

लाडकी: मग हरकत मागं घ्यायला लावते मी. पण पोरी विचारतील हां, वजन आलं कुठनं?

देवेश: त्याच्यामागं नवे कण असतील, असं म्हणतात.

लाडकी: असतील म्हणजे?

देवेश: अजून कुणाला सापडले नाहीत. शोधायचे राहिलेत.