नाटकाआधीच्या शाली

मला एक सांगा, मुलांचं विनोदी नाटक म्हणून बोलावलं तर आधी नाटक दाखवायचं की शाली वाटत बसायचं? इथे पिपलानीत आमच्या मराठी मंडळाचं नाटक होतं. माझी लेक मिनू इथल्या हिंदी मुलखातच वाढलेली, मराठी म्हटलं की पळते. "एक बार देखूंगी, बोर हुआ तो फिर कभी नहीं," म्हणत कशीबशी आली.

आणि यांचे सत्कारच संपेनात! पाहुण्यांचा, पाहुण्यांच्या बायकोचा, मांडववाल्याचा. मिनू म्हणाली, "मम्मी, घर चलो." माझं डोकंच फिरलं. उभी राहून ओरडले, "अहो अध्यक्ष, पोरं पेंगायला लागली! पडदा उघडताय की नाही?"

अध्यक्ष खूश. "वा! असे जागरूक प्रेक्षक हवेत. वहिनी, वर या." मला वर नेऊन शाल घातली, नारळ दिला आणि माईक पुढे केला. "दोन शब्द बोला."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मिनू खुर्चीवर चढून ओरडली, "मम्मी, अब तुम मत शुरू हो जाना!"

मांडव जो हसला, तेवढा पुढे नाटकाला हसला नाही. घरी येताना ही गधडी म्हणते, "मजा आया, अगली बार भी चलेंगे."

म्हटलं, नाटकातलं काय आवडलं?

"नाटक? तब तो मैं सो गई थी."