बहुतांश नवरदेव

…आणि वर लिंबाचा केक! जुडिथने! आमच्या कुत्र्याने कुंपणातून नुसतं नाक खुपसलं तरी नगरपालिकेला फोन लावणारी ही बाई, सकाळी सकाळी केक घेऊन दारात उभी, आणि म्हणते कशी, "ग्वेन, ट्रेंटची फार आठवण येते गं." तुला? माझ्या पोराची? अगं, तो इथे होता तेव्हा त्याच्या मोटरसायकलने तुझं डोकं उठायचं ना? तो इराकला गेला तेव्हा आमची गल्ली शांत झाली म्हणून सगळ्यात आधी झोपली असेल तर ती तूच! तुम्हाला सांगते, मी काही संशयी बाई नाही, पण फुकटचा केक दिसला की मी सुरी नाही शोधत, कारण शोधते.

बरं, केक आत ठेवते न ठेवते तोच मागच्या अंगणात घर्रर्र… जाऊन बघते तर पलीकडचा मार्विन आमचं गवत कापतोय! स्वतःच्या अंगणात ससे हरवतात त्याच्या, आणि आमचं कापतोय! म्हणतो, "पोरगा तिकडे लढतोय, आईचं गवत तरी कापावं म्हटलं." अरे, पोरगा सप्टेंबरात गेला. हिवाळाभर मी एकटीने दारातला बर्फ उपसला तेव्हा खिडकीत कॉफी पीत हात कोण हलवत होतं? आणि आता एप्रिल उजाडताच माया दाटून आली? आमचे हे म्हणाले, "कापतोय तर कापू दे." यांचं सगळं असंच… उद्या कोणी घर उचलून नेलं तरी म्हणतील, नेतोय तर नेऊ दे.

तर कारण काय? कारण आमच्याच अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा! आता भांडण तुम्हाला ठाऊकच आहे. वॉशिंग्टनात युद्धाच्या पैशांवरून जुंपलीय. गाढव चिन्हवाले म्हणतात, पैसे देतो, पण पोरं परत कधी आणणार ती तारीख आधी लिहून द्या. हत्ती चिन्हवाले, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा पक्ष, म्हणतात, तारीख-बिरीख नाही, तारीख सांगितली की शत्रू कॅलेंडर टांगून वाट बघत बसेल, मुकाट्याने पैसे द्या. जुडिथ गाढवांची, मार्विन हत्तीचा, आणि मधलं घर आमचं. गल्ली कसली, प्राणिसंग्रहालय! आणि दोघांनाही त्या सभेत आपल्या बाजूला काय हवं होतं? जवानाची आई!

मार्विन म्हणाला, "वहिनी, तुम्ही फक्त उभं राहायचं आणि म्हणायचं, आमच्या पोरांचे पैसे अडवू नका." जुडिथ म्हणाली, "ग्वेन, तू फक्त उभं राहायचं आणि म्हणायचं, तारीख द्या." फक्त! मी काही संशयी बाई नाही, पण ज्या वाक्यात 'फक्त' येतं ना, त्या वाक्याचे दोन्ही खिसे तपासून घ्यावेत.

पण मी गेले हं सभेला. का? कारण तारीख मलाच हवी होती! ट्रेंटचं लग्न ठरलंय ना केंड्राशी. पोर गोड आहे, बँकेत आहे, माझ्याच पार्लरात केस कापून घ्यायला येते. तो सप्टेंबरात परत येणार, म्हणून सप्टेंबरातच लग्न. आणि हॉल गावात एकच, तोच अग्निशमनवाल्यांचा. हॉल सांभाळणारा ड्वाइट रोज डोकं खायचा, "बाई, तारीख सांगा, नाहीतर मी बोलिंग क्लबच्या जेवणाला देऊन टाकतो." आता त्याला काय सांगू? थांब बाबा, वरिष्ठ सभागृहात मतदान व्हायचंय?

तर सभेत व्यासपीठावर हत्तीवाले खासदार, आणि त्यांच्याविरुद्ध उभ्या राहणार म्हणतात त्या गाढवांच्या बाई. माझ्या डाव्या हाताला जुडिथ, उजव्या हाताला मार्विन, आरोपीला पोलीस बसवतात तसे. प्रश्नांची वेळ आली तशी मी उठले. दोघांनी दोन्हीकडून मान डोलावली. मी म्हटलं, "माझा मुलगा तिकडे आहे. मला एवढंच सांगा, सप्टेंबरचा दुसरा शनिवार धरू का?"

खासदार खाकरले. "बाई, या प्रश्नाकडे आपण व्यापक दृष्टीने पाहिलं पाहिजे…"

"व्यापक नको हो, शनिवार सांगा!"

"तारीख रणांगणावरचे सेनापती ठरवतील."

"मग त्यांचा फोन नंबर द्या!"

लोक हसले. त्या बाईंना वाटलं आपली वेळ आली, लगेच माईक ओढला, "आमचं विधेयक मंजूर झालं तर पुढच्या वर्षापर्यंत बहुतांश सैनिक परत आणणं हे आमचं उद्दिष्ट आहे!"

"बहुतांशमध्ये माझा आहे का?"

"ते… बहुतांश, म्हणजे…"

"अहो, बहुतांश नवरदेवाचं लग्न कसं लावू मी?"

काय टाळ्या पडल्या म्हणता! मला वाटलं, जिंकले. आणि आठवडाभरात दोन पत्रकं दारात येऊन पडली. हत्तीवाल्यांच्या पत्रकावर माझा फोटो, 'जवानाची आई आमच्यासोबत!' गाढववाल्यांच्या पत्रकावर माझा फोटो, 'जवानाची आई आमच्यासोबत!' तोच फोटो! एकातून जुडिथला कापलंय, दुसऱ्यातून मार्विनला. तोंड उघडं होतं ना माझं, ज्याला हवे ते शब्द त्याने आत घातले. आमचे हे म्हणाले, "फोटो चांगला आलाय."

पुढे काय, ते विधेयक तारखेसकट मंजूर झालं, राष्ट्राध्यक्षांचा नकार लागून परत आलं, मग तारीख गाळून पैसे तेवढे मंजूर झाले. मार्विनने गाडीचा हॉर्न वाजवत गल्लीत फेरी मारली. जुडिथने केक करणं थांबवलं. आणि आमचं गवत? ते काय, वाढतंय.

मग एक दिवस मी पार्लरात केंड्राच्या केसांना क्लिपा लावत होते आणि फोन आला. ट्रेंट! आवाज तुटक तुटक. "आई, तारीख मिळाली."

काय सांगू तुम्हाला, हातातल्या क्लिपा तिथेच टाकल्या! म्हटलं, "कधी रे, कधी?"

"डिसेंबर. तीन महिने वाढवलेत सगळ्यांचे."

म्हणजे एवढं रण माजवून तारीख मिळाली ती ही! केंड्राने आरशात माझा चेहरा बघूनच ओळखलं. तशीच बसून राहिली, अर्ध्या केसांना क्लिपा, अर्धे मोकळे, डोळे कोरडे ठाक. मी त्या अर्ध्या केसांनाही क्लिपा लावल्या… दुसरं काय करणार होते हो मी? ड्वाइटला कळवलं, दे बाबा बोलिंग क्लबला.

आणि जुलैत, एका बुधवारी, दारात टॅक्सी. ट्रेंट! पंधरा दिवसांच्या रजेवर, काळा पडलेला, हाडं मोजून घ्यावीत असा. मी काही संशयी बाई नाही, पण आधी त्याचे दोन्ही दंड चाचपून बघितले, मगच मिठी मारली. केंड्रा बँकेतून धावत आली आणि म्हणाली, "आजच. इथेच." लागलं की लग्न माझ्या पार्लरात, केस वाळवायच्या यंत्रांच्या मधोमध! पाद्रीबाबांना खुर्ची नव्हती म्हणून केस धुवायच्या खुर्चीत बसवलं. कोणीतरी चुकून यंत्र चालू केलं, तर त्या आवाजाने ट्रेंट केंड्राला घेऊन खालीच बसला… मग तो स्वतःच उठला, हसला, म्हणाला, "चालू द्या." साक्षीदार म्हणून जुडिथ आणि मार्विन, दोघंही ढसाढसा रडले, एकाच रुमालात! खरंच रडले असतील. तरी मी दोघांच्या हातात कॅमेरा नाही ना, तेवढं बघून घेतलं.

पंधरा दिवसांनी गेला परत. डिसेंबरात येणार म्हणतात. म्हणतात!

आणि काल केंड्राला घेऊन दवाखान्यात गेले होते. हो हो, बातमी आहे! डॉक्टर हसत म्हणाले, "अभिनंदन आजीबाई, एप्रिलचा पहिला आठवडा."

मी म्हटलं, "ते ठीक आहे डॉक्टर, पण तुम्ही कुठल्या पक्षाचे?"